हार्गेटची पुढची बैठक

पर्युषणाचे उपास संवत्सरीला संपले की दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्यातली झाडून सारी जैन घरं एकमेकांपुढं हात जोडतात आणि ‘खमतखामणा’ म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा, आम्हीही तुम्हाला केली, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. सायरबाई हा शब्द हात राखून वापरत नसत. जावा, नणंदा, दूधवाला, घरच्या कापसाच्या जिनातले हमाल, एवढंच काय, ज्या शेजारणीशी वर्षभर सांडपाण्यावरून तंडायच्या तिलाही त्या मनापासून हात जोडायच्या. फक्त एका माणसाचं नाव त्यांनी चाळीस वर्षं गाळलं होतं. तो त्यांचा नवरा, पारसमल.

पारसमल चाळीस वर्षांपूर्वीच्या पर्युषणात आपली विलायती गाडी घेऊन पिंपळनेरकडं गेला आणि परतला नाही. गाडी पांझरा नदीवरच्या फरशी पुलाखाली सापडली, तो सापडला नाही. लोक म्हणाले, वाहून गेला. सायरबाई म्हणाल्या, नाही. त्यांनी हातातला चुडा उतरवला नाही, कपाळ पुसू दिलं नाही. बाईचा विश्वास केवढा म्हणून गावानं त्यांना नावाजलं, सुनांना त्यांचे दाखले दिले. गावाचं काय, गावाला दाखला हवा असतो. सायरबाईंची खात्री निराळीच होती. नवरा दुसऱ्या बाईबरोबर कुठंतरी सुखात नांदतोय, आणि जिवंत माणसाच्या नावानं चुडा फोडायचं आपल्याला काही कारण नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभ जळायलाच तयार नव्हता.

ही खात्री कशावरून, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आधी स्वतःचंच गुपित फोडावं लागलं असतं.

ती गाडी होतीच तशी. धड मोटार नाही, धड फटफटी नाही. सायकलीसारखी चार बारीक चाकं, होडीसारखं लांबट लाकडी अंग आणि पुढच्या टोकाला फटफटीचं इंजिन. कुणा गोऱ्या इंजिनिअरनं ती विलायतेहून आणली आणि बदली झाली तेव्हा लिलावात काढली. पारसमल तेव्हा विशीतला, जिनिंग कारखान्याच्या मालकाचा धाकटा मुलगा आणि हौसेला मोल नसलेला. त्यानं ती घरी आणली. गाडीत दोनच बैठका होत्या, त्याही शेजारी नव्हे, एकीमागं एक. गंमत अशी की चालवणारा मागं बसायचा आणि सोबतचं माणूस पुढं. पुढं बसणाऱ्याच्या हाताशी एक दांडा होता. इंजिनाची ताकद चाकाकडं नेणारा पट्टा त्या दांड्यानं लहान पुलीवरून मोठ्या पुलीवर सरकवायचा, मग गाडी वेग घ्यायची. मागून तो दांडा हाताला येत नसे. म्हणजे एकट्यानं गाडी काढली तर ती बैलगाडीच्या चालीनंच जाणार.

ते पुढचं माणूस सायरबाई होत्या. अठरा वर्षांची, हनुवटीपर्यंत घुंगट घेणारी सून. पहाटे सासू सामायिकाच्या ध्यानाला बसली की पारसमल तिला जिनाच्या मागल्या दारानं न्यायचा आणि दोघं सोनगीरच्या रस्त्याला लागायची. चढ संपला की मागून उजव्या खांद्यावर बोटाची हलकी टिचकी पडायची. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ही खूण. टिचकी पडली की तिनं दांडा पुढं रेटायचा. पट्टा करकरत मोठ्या पुलीवर चढायचा, घुंगट मागं उडायचा, आणि समोर रस्त्याशिवाय काही उरायचं नाही. नवरा दिसायचा नाही. मागं वळायचं नाही, तोल जातो, असं त्यानं बजावलं होतं. तो आहे हे फक्त मानेला कळायचं. “तुझ्याशिवाय ही गाडी पळत नाही,” असं तो उतरताना दर वेळी म्हणायचा, आणि ती दर वेळी लाजायची.

मग ती भादव्यातली सकाळ उजाडली. जिनाच्या बॉयलरवरचा फायरमन झुलाल तेव्हा तरणाबांड होता. नदीवर तोच धावला होता. परत येऊन त्यानं ओट्यावर जेठजींना, पारसमलच्या थोरल्या भावाला, जे सांगितलं ते सायरबाईंनी दाराआडून ऐकलं.

“गाडी फरशीना खाले पानीमा शे. शेठ दिसनात नहीत. बठ्ठी नदी धुंडी काढी. पट्टा तेवढा मोठी पुलीवर जसाना तसा शे.”

ओट्यावरच्या कुणालाच त्या शेवटच्या वाक्याचं काही वाटलं नाही. दाराआड उभ्या असलेल्या सुनेनं मात्र तेवढंच धरून ठेवलं. पट्टा मोठ्या पुलीवर होता. म्हणजे पुढच्या बैठकीवर कुणीतरी होतं, आणि ते कुणीतरी ती नव्हती.

जेठजींनी गाडी बैलं लावून वर ओढून आणवली आणि सरकीच्या वखारीत ठेवून दिली. भाऊ आला तर मागेल, म्हणाले. तेव्हापासून ती तिथंच होती. दर भादव्यात, हवा कोंदट झाली की वखारीतून करकर असा आवाज यायचा, सावकाश, कुणीतरी दांडा रेटावा तसा. पावसाळा सरता सरता गाडी दाराकडं चार बोटं सरकलेली दिसायची. हमाल भर दुपारीसुद्धा एकेकटे आत जात नसत. “शेठनी गाडी आज बोलनी,” एवढंच म्हणून पोतं टाकून बाहेर यायचे. पुढच्या बैठकीवर कधी कुणी बसलं नाही. सायरबाई वखारीच्या अंगानं जाणं टाळायच्या आणि आवाज कानावर आलाच तर ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. बोलव मेल्या, तिलाच बोलव, असं त्यांच्या मनात यायचं. अंगावर काटा यायचा तोही रागाचाच आहे, असं त्या स्वतःला समजवायच्या.

जेठजी गेले, आणि कारखाना त्यांचा मुलगा निर्मलकुमार पाहू लागला. सायरबाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. पोरगं यंत्रवेडं. जिनाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला वर्षभर विलायतेला गेलं आणि सहासष्टच्या पावसाळ्यात परत आलं, ते काकूसाठी शाल आणि त्या गाडीचा इतिहास घेऊन. शाल सायरबाईंनी ठेवून घेतली. इतिहास नको होता, पण तो ऐकवल्याशिवाय राहणाऱ्यांतला निर्मल नव्हता. पर्युषणाचे दिवस होते, ऊन-सावलीचा खेळ चालू होता. सायरबाई एकासणं करत होत्या. त्यांचं दिवसातलं एकमेव जेवण चालू असताना तो समोर पाट घेऊन बसला.

“काकीसा, गाडीवर पितळी पट्टी आहे ना, तिच्यावर गावाचं नाव आहे. कॉव्हेंट्रीजवळचं खेडं. मी सुट्टीत गेलो तिथं. आणि माहीत आहे, बनवणारा अजून जिवंत आहे. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, सायकली दुरुस्त करतो.”

“बरं,” सायरबाई म्हणाल्या आणि डाळीत फुलका बुडवला.

निर्मलनं सांगितलं ते असं. हार्गेट नावाचे दोन भाऊ, थोरला अल्बर्ट आणि धाकटा सिडनी. बापाच्या घोड्याच्या तबेल्यात त्यांनी कारखाना थाटला, पहिल्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधी. मोटार घ्यायची ऐपत नाही आणि फटफटीवर बायकोला बसवायची लाज, अशा लोकांसाठी ही गाडी. सायकलीची चाकं, फटफटीचं इंजिन, बाकी सगळं लाकूड. चाचणीला दोघं भाऊ मिळून जायचे. अल्बर्ट मागं, सिडनी पुढं दांड्यावर. जाहिरातच अशी होती की ही जोडीची गाडी आहे, एकट्यादुकट्यासाठी नाही. पाद्र्यांनी घेतली, डॉक्टरांनी घेतली, नव्या लग्नाच्या पोरांनी घेतली. मग एका डोंगरचढाच्या शर्यतीत वळणावर गाडी भिंतीवर गेली. पुढं बसणाऱ्याला आधी लागतं. सिडनी जागच्या जागी गेला. अल्बर्टला खरचटलंसुद्धा नाही, त्याला भिंत दिसलीच नव्हती. त्याच्या समोर भावाचं डोकं होतं.

“पुढं कारखाना?” सायरबाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

“थोडे दिवस चालवला. थोड्याच गाड्या केल्या त्यानं भावामागं, आपली त्यातलीच. मग युद्ध लागलं, स्वस्त मोटारी आल्या, संपलं. पण म्हातारा एक विलक्षण गोष्ट सांगत होता. म्हणाला, सिड गेल्यावर पुढं दुसऱ्या कुणाला बसवायला माझं मन होईना. म्हणून मी मागच्या बैठकीखालून एक तार टाकली, दांड्यापर्यंत. कडी ओढून खुंटीला अडकवली की पट्टा मोठ्या पुलीवर. पुढं कुणी लागत नाही. जाहिरातीत सांगितलं नाही, पण शेवटच्या सगळ्या गाड्यांना ती तार आहे. आणि मग बिचकत म्हणाला, कितीदा तरी मी कडीला हात लावायच्या आधीच दांडा पुढं गेलेला असायचा.”

सायरबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

“काय म्हणालास? एकट्याला पट्टा टाकता येतो?”

“शेवटच्या गाड्यांत येतो. का?”

“दाखव मला,” त्या म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. एकासणं करणारी बाई एकदा उठली की तिला दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. निर्मल पाहतच राहिला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या वखारीत गेल्या. सरकीचा तेलकट वास, कौलांतून पडलेले उन्हाचे कवडसे, आणि मधोमध ती गाडी, दाराकडं तोंड करून. दाराबाहेर झुलाल उभा होता. आता तो म्हातारा झाला होता आणि वखारीची राखण करत होता. आत यायला तो तयार नव्हता.

निर्मल मागच्या बैठकीखाली हात घालून चाचपत राहिला. बराच वेळ गेला.

“आहे,” तो म्हणाला. “कडी आहे. खुंटीला अडकवलेली आहे, गंजून तिथंच धरलीय. काकासांनी स्वतःच ओढली असणार. पुढं कुणी बसलेलं असतं तर हिची गरजच नव्हती.”

सायरबाई गाडीचा काठ धरून उभ्या राहिल्या. दुसरी बाई नव्हती. चाळीस वर्षं ज्या बाईचे नाक-डोळे त्यांनी मनात रंगवले, जिला रोज नव्या शिव्या दिल्या, ती कधी जन्मलीच नव्हती. पारसमल एकटाच होता. आणि त्याला ती तार ठाऊक होती, पहिल्यापासून ठाऊक असणार. त्याला पुढच्या बैठकीवर कुणाचीच गरज नव्हती, तरी तो पहाटे पहाटे येऊन हाक मारायचा. तुझ्याशिवाय ही गाडी पळत नाही, म्हणायचा. लबाड माणूस. सायरबाईंना हसू फुटलं.

“पण मग नदीत कशी गेली?” निर्मल स्वतःशीच बोलत होता. “फरशीवर पाणी दिसल्यावर कुणीही थांबेल. या गाडीला वेगळा ब्रेक नाही, मागचा आस पुढं सरकवून पट्टा ढिला करायचा, की थांबली.” तो वाकला आणि पट्ट्यावरून हात फिरवू लागला. “अरे, हा चामड्याचा नाहीच. म्हातारा म्हणाला होता, फक्त बैलाच्या चामड्याचाच पट्टा चालतो. हा तर सुती आहे, आपल्या जिनातल्यासारखा विणलेला. काकीसा, सूत भिजलं की आखडतं. फरशीवरचं पाणी उडालं असेल, पट्टा आवळला असेल. मग कितीही ढिला करा, तो सुटायचा नाही. गाडी थांबणारच नाही. हा कुणी बसवला?”

झुलाल दारातूनच म्हणाला, “शेठनी सोताच इना व्हता. चामडानाले बाई हात लावत नहीत म्हने.”

कोण बाई, ते निर्मलला कळलं नाही. सायरबाईंना कळलं. हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊकच होतं, फक्त रागाच्या पोत्याखाली त्यांनी ते दाबून ठेवलं होतं. बैलाच्या कातड्याला जोडलेला दांडा मी धरणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यानं हसत सुती पट्टा विणला होता. त्या भादव्यात त्यांची अठ्ठाई चालू होती, आठ दिवसांचा निराहार उपास. पारण्याला माहेरचं माणूस हवं, म्हणून पिंपळनेरला त्यांच्या भावाला आणायला तो निघाला. निघताना म्हणाला होता, पाऊस आहे, एवढ्यापुरता चामड्याचा पट्टा लावतो, तू तर आज बसत नाहीस. त्या म्हणाल्या होत्या, पर्युषणात घरातून कातडं बाहेर काढलंत तर मी पारणं करणार नाही. तो सुती पट्ट्यावरच निघून गेला. एवढंच शेवटचं बोलणं. दुसरी बाई होती असं मानलं म्हणजे हे आठवावं लागत नव्हतं.

“आणि तुमच्या भुताचा आवाजही हाच बरं का,” निर्मल झुलालला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला. “दमट हवेत पट्टा आखडतो, पुली करकरते, चाक जरासं फिरतं. झालं. उद्या काढतोच हा पट्टा. मग पाहू कोण बोलतं ते.”

बोलल्याप्रमाणे त्यानं दुसऱ्या दिवशी पट्टा कापून काढला. त्यानंतर वखार गप्प राहिली. ढग दाटले, हवा कोंदली, पण आवाज आला नाही. हमाल एकेकटे आत जाऊ लागले. निर्मल खुशीत होता. सायरबाईंना मात्र त्या शांततेत झोप लागेना. इतकी वर्षं नको असलेला आवाज, आणि आता त्याच्याचसाठी कान लागून राहिलेले.

संवत्सरी झाली. दुसऱ्या दिवशी पारणं करण्याआधी सायरबाईंनी सगळ्यांना हात जोडले, घरात, शेजारी, जिनात. शेजारीण या वर्षी जरा जास्तच वेळ हात धरून राहिली. मग ऊन वर आल्यावर त्या एकट्याच वखारीकडं गेल्या. झुलालनं वाट अडवल्यासारखं केलं.

“शेठाणी, आत नका जाऊ. आज दिन बरा नही.”

“आजचाच दिवस बरा आहे, झुलाल,” त्या म्हणाल्या. “खमतखामणा.” आणि त्याच्याही पुढं हात जोडून त्या आत गेल्या.

गाडी तशीच उभी होती. पट्टा नसल्यानं उघडी, बोडकी दिसत होती. सायरबाईंनी आधी हातातला चुडा उतरवला. अठराव्या वर्षी सैल असलेला चुडा आता मनगटात रुतला होता, निघताना त्यानं कातडी सोलली. तो त्यांनी मागच्या बैठकीवर ठेवला. मग पदर खोचून, लाकडी काठावर पाय देत त्या पुढच्या बैठकीवर चढल्या आणि बसल्या. समोर उघडं दार होतं, आणि दारातून नदीकडं जाणारी वाट दिसत होती. दांडा होता तिथंच होता. त्यांनी त्यावर हात ठेवला. पदर डोक्यावरून पुढं ओढून घुंगट घेतला, जुन्या सवयीनं.

“चूक माझी होती,” त्या समोर बघतच म्हणाल्या. “आणि वर आळही मीच घेतला तुमच्यावर. खमतखामणा.”

बोललेला शब्द सरकीच्या ढिगात विरून गेला. बाहेर कुठंतरी पोतं पडल्याचा आवाज झाला. मग तोही थांबला. मागची बैठक हळूच दबली. लाकूड कुरकुरलं, गाडीचं नाक अगदी किंचित वर उचललं गेलं, मागं माणूस बसल्यावर उचललं जायचं तसं. सायरबाईंच्या मानेला ते कळलं. त्या वळल्या नाहीत. वळायचं नाही, तोल जातो.

उजव्या खांद्यावर बोटाची हलकी टिचकी पडली.

त्यांनी दांडा पुढं रेटला. पट्टा करकरत मोठ्या पुलीवर चढला, सावकाश, पूर्ण. त्यांच्या कपाळावरून घुंगट मागं उडाला.

आवाज जिनाच्या दारापर्यंत गेला असावा. निर्मल धावत आला तो वखारीच्या उंबऱ्यात थबकला. त्याच्या हातात कापलेला सुती पट्टा होता, नव्या पट्ट्याचं माप घ्यायला काढलेला. तो पट्ट्याकडं बघे आणि गाडीकडं बघे. झुलाल त्याच्यामागं उभा राहून पुटपुटत होता.

“काकीसा, कसला आवाज झाला?”

सायरबाई आधार न घेता खाली उतरल्या. त्यांची मनगटं उघडी होती आणि चेहरा वाऱ्यात खूप वेळ बसून आल्यासारखा दिसत होता. मागच्या बैठकीकडं त्यांनी पाहिलं नाही. निर्मलनं पाहिलं. बैठक रिकामी होती. चुडाही नव्हता, पण तो तिथं ठेवला होता हे त्याला ठाऊक नव्हतं.

“मी म्हणत होतो,” तो चाचरत म्हणाला, “आता रबरी पट्टे मिळतात. ना चामडं, ना सूत. मुंबईहून मागवून लावतो.”

“नको लावूस,” सायरबाई म्हणाल्या. “तिला तो लागत नाही.”